अर्ध्या दिवसाचा गिलावा

संगमरवराचा तो दगड माझ्या अंगणात येऊन पडला तेव्हा मी घेवडा सोलत बसलो होतो. दोघांनी हातगाडीवरून उतरवला. मागून पाद्री फुल्वियो आला, तोंडावर लग्नघरातलं हसू.

"नाझारेनो, रविवारी हा बसवायचाय. वेदीमागच्या चित्राखाली. तुमच्याइतका सरळ दगड या डोंगरात दुसरं कोण बसवतं?"

मी चष्मा पुसून वाचलं. सोनेरी अक्षरं होती. 'काना गावच्या लग्नाचं हे भित्तिचित्र मोंतेसोर्बोचे सुपुत्र, चित्रकार ओदोआर्दो ब्रुस्कोत्ती यांनी १९३१ ते १९३३ या काळात रंगवलं.'

"हे कुणी लिवलं?"

"प्रोफेसर लावेत्सींनी. आपल्या चर्चवर पुस्तक करतायत ते. अहो, गावाचं नाव होईल!"

"आन् त्यांना हे कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? करार सापडलाय जुन्या पेटीत. खाली ओदोआर्दोची सही आहे."

सही आहे, ती त्याचीच आहे. पण भिंत त्याची नाही, हे मला ठाऊक आहे, कारण त्या भिंतीवरचा गिलावा माझ्या हातचा आहे.

असली चित्रं वाळल्या भिंतीवर काढत नाहीत. सकाळी गवंड्यानं चुना-वाळूचा ओला थर द्यायचा, तोही चित्रकार त्या दिवसात पुरा करील तेवढाच. ओल्यातच रंग भरायचा. चुना सुकताना रंग पोटात घेतो आणि मग तो शंभर वर्षं धुतला तरी हलत नाही. दुसऱ्या दिवशी कालच्या कडेला नवा थर. दोन दिवसांमध्ये शिवण राहते. कंदील तिरपा धरला की सगळी भिंत गोधडीसारखी दिसते, ठिगळाला ठिगळ. त्या भिंतीतलं प्रत्येक ठिगळ मी लावलंय. आणि त्यातल्या एकावरही ओदोआर्दोचा कुंचला टेकलेला नाही. परांचीवर त्याची बहीण उभी असायची. एर्सिलिया.

त्यांचा बाप बैलगाड्या रंगवायचा. आमच्याकडे गाडी नुसती लाकडाची ठेवत नाहीत. मागच्या फळीवर संत, बाजूंना फुलं, चाकाच्या आऱ्यांना वेल, असं सगळं लागतं. बापानं मुलाला कुंचला दिला आणि मुलीला रंग वाटायला बसवलं. काव, पिवडी, काजळी वाटून वाटून पोरीच्या नखांत ते इतकं भरलं की चर्चमधल्या पहिल्या मिस्सा-प्रार्थनेला आईनं तिला हातमोजे घालून नेलं. ओदोआर्दो मनाचा चांगला, गळ्याचा गोड, पण त्यानं बैल काढला की शेतकरी विचारायचा, "हे डुक्कर कुणाचं?" मग बाप रात्र उलटल्यावर मुलीकडून तो पुसून नवा काढून घ्यायचा. सकाळी बैल फुरफुरत उभा. बाप छाती काढून म्हणायचा, "माझ्या ओदोआर्दोचा हात बगा!"

म्हणजे चोरी चर्चपासून सुरू झाली नाही. ती घरातून निघाली आणि चर्चपर्यंत चालत गेली.

ओला गिलावा ती शिकली ती भूकंपानंतर. शेजारच्या गावात देवळी दुरुस्त करायला एक फिरता चितारी आला होता. त्याच्या हाताखालच्या गवंड्यांत मी होतो. एर्सिलिया आमची न्याहारी घेऊन यायची आणि टोपली ठेवून तासभर उभी राहायची. चितारी म्हणायचा, "पोरी, काय बगतीस? लग्नाचं बग." दुसऱ्या वर्षी तिनं मला घराच्या मागं बोलावलं.

"नाझारे, एवढ्या भिंतीला गिलावा दे."

"ही तर डुकरांची भिंत हाय."

"मग? डुकरं कुणाला सांगणार हायेत?"

मी दिला. तिनं तीन महिन्यांत त्या खुराड्याच्या चारी भिंती भरल्या. चेस्टनट वेचणाऱ्या बाया, धोबीघाटावरच्या बाया, भांडणाऱ्या बाया. आमच्या गावातलं पहिलं भित्तिचित्र डुकरांनी पाहिलं आणि त्यांनी तरी ते दुसऱ्याच्या नावावर लावलं नाही.

त्या वेळचा पाद्री कालिस्तो डुक्कर विकत घ्यायला गेला आणि खुराड्यात अर्धा तास उभा राहिला. बाहेर आला तो म्हणाला, "वेदीमागची भिंत तुझी. पण करार भावाच्या नावानं. बाई वेदीच्या वर चढली असं बिशपच्या कचेरीत कळलं तर मला डोंगरापलीकडं पाठवतील." एर्सिलियाला भिंत हवी होती. कागदावर काय लिहितात याचा विचार भिंत मिळालेल्याला सुचत नाही. ती हो म्हणाली.

मग दोन वर्षं ती परांचीवर, मध्यान्हीची घंटा होईस्तोवर— नाही, तेवढा वेळसुद्धा तिला मिळाला नाही. तेच तर सांगायचंय. तिची आई चेलेस्ते कमरेखाली लुळी पडलेली. अकराला तिला भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची. एर्सिलिया भावाची विजार चढवून उजाडताच परांचीवर यायची आणि साडेदहाला खिडकीतल्या उन्हाकडं बघून म्हणायची, "नाझारे, पोलेंता बोलावतीय." मक्याचं पीठ चुलीवर रटरटायला लागेपर्यंत तिला डोंगर उतरून घरी पोचायचं असायचं. म्हणून मी गिलावाच अर्ध्या दिवसाचा द्यायचो. दुसरा चित्रकार जिथं दिवसात अख्खा माणूस उभा करतो, तिथं हिचा एक हात आणि अर्धी सुरई व्हायची.

आणि ओदोआर्दो? तो चर्चच्या बंद दाराशी पत्ते घेऊन बसलेला. परका कुणी आला की सदऱ्यावर रंग शिंपडायचा आणि मोठ्यानं खोकायचा. आईला भरवायला तो रिकामाच होता की! पण पुरुषानं आईचं मळमूत्र काढायचं? गावानं तोंडात बोटं घातली असती. बाई परांचीवर चढली हे लपवायला अख्खं गाव तयार झालं, पुरुष चुलीपाशी बसला हे लपवायला एकही जण तयार नव्हता.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या दिवशी एर्सिलियाकडं गेलो. पासष्टची झाली आहे. भाऊ वारला, आई तर केव्हाच गेली. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"एर्से, दगड आलाय."

"कळलं. पाद्री सांगून गेला. मला पुढच्या बाकावर बसवणार हायेत. चित्रकाराची बहीण म्हणून."

"आन् तू बसणार?"

"पुढचा बाक ऊबदार असतो, मुडद्या. माझे गुडघे दुखत्यात." तिनं पदराएवढ्या त्या एप्रनला हात पुसले. "लाव की दगड. चौतीस वर्षं झाली. भिंत हाय ना जाग्यावर? आय हाय ना तिच्यात? मला तेवढं बास हाय."

आई खरंच त्या भिंतीत आहे. येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला त्या लग्नाच्या पंगतीत डावीकडून तिसरी, पाण्याची सुरई कमरेवर घेऊन उभी असलेली, काव रंगाची शाल पांघरलेली बाई म्हणजे चेलेस्ते. लुळी व्हायच्या आधीची, ताठ पायांची.

घरी येऊन मी पाल्मीरापुढं, माझ्या बायकोपुढं, तणतणलो. ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "आता फुरफुरतुयास. तेहेतीस साली बिशपनं विचारलं 'चित्रकार कोण?' तवा ओदोआर्दो पुढं झाला. टाळ्या पयल्यांदा कुणी वाजवल्या?"

मी चष्मा पुसायला लागलो.

"सांग की, कुणी?"

मी वाजवल्या होत्या. माझ्याच चुन्यानं फुटलेल्या हातांनी. एर्सिलिया मागच्या खांबाला टेकून उभी होती आणि तीही वाजवत होती. त्या टाळ्या आठवल्या की अजून माझे कान तापतात.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये गेलो. प्रोफेसर लावेत्सी परांचीवर होते. गोरे, सडपातळ, बोटांवर शाईचा डाग नाही, मातीचा तर नाहीच. विजेरी तिरपी धरून ते पाद्र्याला शिवणी दाखवत होते.

"पाहा, किती लहान लहान तुकडे! याचा अर्थ काय? चित्रकाराला आत्मविश्वास नाही. हात भित्रा. शिक्षण अर्धवट. एका दिवसात मोठा भाग घ्यायची हिंमतच नाही त्याला. ग्रामीण कलेचं उत्तम उदाहरण."

"ग्रामीण" हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसं आपण 'नासलेलं' म्हणतो.

मी खालून म्हणालो, "साहेब, हिंमत लई व्हती. येळ नव्हता. साडेदहाला घरी जावं लागायचं."

"कुणाला?"

"चितारणीला. एर्सिलियाला. आईला भरवायला. ह्यो गिलावा माझा हाय साहेब. एकूण एक ठिगळ."

प्रोफेसर हसले. नातवानं परीची गोष्ट सांगितल्यावर हसतात तसं. "गोड दंतकथा आहे. प्रत्येक गावात असते अशी एक. पण मिस्त्री, लेखी काही आहे?"

"भिंत हाय की लेखी!"

"भिंतीवर सही नाही. करारावर आहे." ते पाद्र्याकडं वळले. "आता धूळ आणि मेणबत्त्यांची काजळी काढू. बादली आणा."

आमच्याकडं ती भिंत कधी पाण्यानं पुसलेली नाही. दर वर्षी संत आगाताच्या सणाआधी गावातल्या बाया शिळ्या पावाचा गर घेऊन बसतात आणि त्या गरानं हळूहळू काजळी टिपतात. काळा झालेला गर कोंबड्यांना जातो. ही रीत एर्सिलियानं घालून दिली आणि का घालून दिली, हे फक्त तिला आणि मला ठाऊक.

"साहेब, पाणी नको. पावाचा गर वापरा."

"पाव?" ते मनापासून हसले. "पाव खायला ठेवा, मिस्त्री. खऱ्या ओल्या गिलाव्यातल्या चित्राला पाण्यानं काही होत नाही. हे तुम्हाला माहीत असायला हवं."

"माहीत हाय म्हणूनच सांगतुया. बाकीची भिंत धुवा, खुशाल धुवा. पण ही डावीकडची तिसरी बाई सोडा. ती ओल्यात काढलेली न्हाई."

"का?"

"बत्तीस सालच्या जुलैत मी हिचा गिलावा दिला, आन् तासाभरात खालून पोरगी धावत आली की आय खाटंवरनं पडली. एर्सिलिया कुंचला टाकून गेली. दोन दिवस आली न्हाई. गिलावा वाळून खडक झाला. मी म्हणलं, खरवडून नवा देतो. ती म्हणाली, नको, आय तवर ऱ्हाती का न्हाई देव जाणे, तिचा चेहरा डोळ्यात हाय तवर काढू दे. मग कोरड्यावरच काढली, सरसाच्या पाण्यात रंग कालवून. साहेब, आता तुम्हीच सांगा, शालीला काव हाय. काव कुणी कोरड्यावर लावतं का? ती ओल्यात लावायची सगळ्यात सोपी माती. कोरड्यावर लावंल तर वेडा, न्हाईतर अडलेला."

हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं. प्रोफेसरांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाले, "ठीक आहे. तपासून पाहू."

मला वाटलं, कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत तपासतील. त्यांनी स्पंज पिळला आणि चेलेस्तेच्या कपाळावरून खाली ओढला.

एकच हात. कपाळ, डोळे, नाक, हनुवटी, शालीची घडी. स्पंज लाल झाला. भिंतीवर राखाडी पट्टा राहिला आणि त्यातून लाल पाणी सुरईवर ओघळलं. पाद्री फुल्वियोनं क्रुसाची खूण केली.

प्रोफेसरांनी स्पंज उजेडात धरला. "रोचक आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी ओदोआर्दो आजारी असावा."

देवाशपथ सांगतो, मी सांगितलेलं अक्षरन् अक्षर त्यांच्या हाताला लागलं होतं. तरी त्यांनी ते ओदोआर्दोच्याच खिशात घातलं. पुरावा मागितला, पुरावा दिला, तर पुरावाच पुसला आणि वर नावही त्याचंच! शिकलेल्या माणसाच्या डोक्यात एकदा एखादी सही शिरली की तिला काढायला कुठलं पाणी चालतं, मला माहीत नाही.

"आता ही जागा अशीच राखाडी ठेवायची," ते पाद्र्याला सांगत होते. "प्रामाणिकपणा म्हणून."

मी तसाच एर्सिलियाकडं गेलो. "भिंतीला पाणी लावलं," एवढंच म्हणालो. तिनं दाण्यांचं सूप खाली ठेवलं.

"कुठली बाई?"

"तिसरी."

एक कोंबडी सुपात चढली तरी तिनं हाकलली नाही. मग म्हणाली, "सगळी?"

"तोंड. शाल. हात ऱ्हायलेत."

"परांची हाय अजून?"

"रविवारपातुर हाय."

"मुरलेला चुना हाय तुझ्याकडं?"

"नऊ वर्षांचा हाय खड्ड्यात. लोण्यासारखा."

"मग रविवारी उजाडायला ये. आन् ह्यावेळी मला अर्ध्या दिवसाचा नको. पुऱ्या दिवसाचा गिलावा दे."

रविवारी तांबडं फुटायच्या आत मी चेलेस्तेचा राखाडी तुकडा छिन्नीनं उतरवला, पायापर्यंत, सुरईसकट. भिंत भिजवली, थर दिला. एर्सिलिया ओदोआर्दोची विजार घालून आली, कंबर दोरीनं आवळलेली. पासष्टच्या बाईला शिडी चढताना मी खालून धरणार होतो. "हात काढ," ती म्हणाली, "गावाला आता बोलायला नवीन कायतरी लागंल."

नऊला मिस्साची घंटा झाली. लोक आत आले आणि दाराशीच थबकले. पाद्री फुल्वियो झगा घालून बाहेर आला तो वेदीपुढं खिळूनच राहिला.

"एर्सिलियाबाई! हे काय? आज मिस्सा आहे! दगडाचा समारंभ आहे!"

"मग म्हणा की मिस्सा, पाद्रीबाबा. कुंचल्याचा आवाज होत न्हाई."

"पण वेदीच्या वर—"

"चौतीस वर्षांमागंही मी हितंच व्हते. तवा दार बंद व्हतं, एवढाच फरक."

बाकांवरून कुणीतरी फसकन हसलं. पाद्र्यानं लोकांकडं बघितलं. लोक बसत होते. एक एक करून, रोजच्यासारखे आपापल्या बाकावर. म्हाताऱ्या बाया तर सर्वांत पुढं, माना वर करून. शेवटी त्यानं मिस्सा सुरू केला. लोक गुडघ्यावर बसले तेव्हा ती हनुवटी काढत होती.

प्रोफेसर दहाला आले, नवा सूट घालून, भाषणाचे कागद घेऊन. वर बघून पांढरे पडले. "थांबवा! तो ऐतिहासिक पृष्ठभाग आहे!"

एर्सिलियानं मान वळवली नाही. "साहेब, जरा मागं सरका. रंग ठिबकतोय, सूट खराब व्हईल."

ते मागं सरकले. पाद्र्याकडं गेले, माझ्याकडं आले, पोलिसाला बोलवा म्हणाले. आमचा पोलीस दुसऱ्या बाकावर होता. त्याची आजी त्या चित्रात उजवीकडं पाव कापत बसलेली आहे. तो म्हणाला, "मिस्सा चालू हाय साहेब. हळू बोला."

साडेदहा वाजले. खिडकीतलं ऊन खांबावर आलं तसं एर्सिलियाचा कुंचला थांबला. तिनं उन्हाकडं बघितलं. सवयच ती, बाकी कुणाच्या ध्यानात आली नाही. मला दिसली. पाल्मीरालाही दिसली असावी. ती उठली, बाहेर गेली आणि थोड्या वेळानं वाफाळत्या पोलेंत्याचं ताट घेऊन आली, वर घेवडा. मला वाटलं स्वतः चढेल. तिनं ताट माझ्या हातात ठेवलं.

"जा. भरव तिला."

"मी?"

"तू न्हाईतर काय बिशप? तवा एकबी गडी चुलीपाशी गेला असता तर भिंत एका उन्हाळ्यात झाली असती. चढ."

सगळं गाव बघत होतं. सदुसष्ट वर्षांचा मी गवंडी, हातात ताट, शिडी चढलो आणि एका बाईला चमच्यानं भरवायला लागलो. ती माझ्याकडं न बघता तोंड उघडायची, गिळायची आणि रंग भरत राहायची. खालून कुणीतरी ओरडलं, "नाझारेनो, आमालाबी भरव की!" हशा झाला. माझे कान तापले, पण त्या जुन्या टाळ्यांनी तापायचे तसे नव्हेत.

"मीठ कमी हाय," एर्सिलिया म्हणाली.

"बायकोला सांगतो."

"नगं. पुढल्या येळी तूच शिजव."

संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत ती वर होती. उतरली तेव्हा चेलेस्ते भिंतीत उभी होती, ताठ पायांची, सुरई कमरेवर, काव रंगाची शाल. चेहरा तोच नाही. आता तो आईचा कमी आणि मुलीचा जास्त आहे, म्हातारा आणि रागावलेला.

प्रोफेसरांचं पुस्तक निघालं. त्यात ओदोआर्दोच आहे, चार पानं भरून. तळटीपेत बारीक अक्षरात लिहिलंय, 'एका स्थानिक स्त्रीनं १९६६ साली मूळ चित्राचं नुकसान केलं.' नावसुद्धा नाही. पाद्र्यानं बिशपच्या कचेरीला खरं काय ते कळवणारं पत्र लिहिलं म्हणतो, उत्तर आलेलं नाही. दगड मी बसवला नाही. मी बसवला नाही म्हणून दुसरा कुणी बसवायला तयार झाला नाही. तो अंगणात पडून असतो, अक्षरं खाली. पाल्मीरा त्याच्यावर कणीक लाटते. थंड असतो, कणीक चिकटत नाही.

कुणी आलं की मी कंदील तिरपा धरून शिवणी दाखवतो. अर्धा दिवस, अर्धा दिवस, अर्धा दिवस, आणि मध्येच तो एक मोठा तुकडा, पुऱ्या दिवसाचा.

त्या संध्याकाळी गिलावा अजून ओला होता. मी खिळा तिच्यापुढं धरला होता. "एर्से, सही कर. अजून तासभर घेईल चुना."

तिनं खिळ्याकडं बघितलं, मग दाराशी कागद गोळा करणाऱ्या प्रोफेसराकडं.

"सही कशाला?" ती म्हणाली, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "वाळू दे. मग त्याला म्हणावं, ये आता स्पंज घेऊन."